गोळीची किंमत आणि देखरेखीची किंमत

मनोविकारांवरील औषधांविषयी पुरोगामी कार्यकर्त्यांमध्ये सामान्यतः दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की मनाचे बहुतेक आजार ही विषम समाजरचनेची अपत्ये आहेत. कर्ज, बेकारी, जातीचा अपमान आणि घरातील मारहाण यांतून जे दुःख उपजते, त्याला आजाराचे नाव देऊन गोळी चारणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे होय. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. भगत, मांत्रिक आणि देवस्थाने यांच्या तावडीतून रुग्णाला सोडवायचे तर औषधविज्ञानाचा निःशंक पुरस्कार केला पाहिजे. त्याविषयी शंका काढणे म्हणजे अंधश्रद्धेच्या हाती कोलीत देणे, असे हे दुसरे मत सांगते. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही पक्ष केवळ गोळीकडे पाहतात. ती गोळी कोणाच्या हाती पडते, तो माणूस कोणते काम करतो आणि गोळी घेतल्यानंतर त्याच्याकडे कोण पाहते, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. धोका आणि लाभ हे दोन्ही औषधाच्या अंगचे गुण आहेत, असे गृहीत धरून वाद चालतो. वस्तुस्थिती तशी नाही.

पहिल्या मताचा परामर्श थोडक्यात घेता येईल. क्षयरोगही दारिद्र्याचेच अपत्य आहे. कोंदट खोली, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांवाचून तो इतका फोफावला नसता. पण म्हणून क्षयाच्या रुग्णाला समाजक्रांती होईपर्यंत रिफाम्पिसिनवाचून ठेवावे, असे कोणी म्हणत नाही. शिवाय औषध नसते तेव्हा रुग्णाला स्वातंत्र्य मिळते, हाही एक भ्रम आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळदंडांनी जखडून ठेवलेले होते. औषधाच्या धोक्यांची मोजदाद करताना ही साखळीही तराजूत घालावी लागते.

दुसऱ्या मताचा विचार मात्र अधिक खोलात जाऊन केला पाहिजे. त्यासाठी लिथियमसारखे बोलके उदाहरण नाही.

लिथियम हा निसर्गात सापडणारा साधा क्षार. उन्माद आणि विषाद यांचे आळीपाळीने झटके येणाऱ्या आजारावर, ज्याला आजचे डॉक्टर बायपोलर म्हणतात, तो गुणकारी असल्याचे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. उन्मादाच्या दहा रुग्णांना त्यांनी हा क्षार दिला होता. त्यांपैकी पहिला रुग्ण वर्षानुवर्षे इस्पितळात खितपत पडलेला होता. तो काही महिन्यांत बरा होऊन आपल्या जुन्या कामावर परतला. हाच रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने मरण पावला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार देण्याची टूम निघाली होती. तीतही काही जण दगावले आणि १९४९ मध्ये त्या क्षारावर बंदी आली. अमेरिकी शासनाने औषध म्हणून लिथियमला मान्यता दिली ती थेट १९७० मध्ये.

मधल्या वीस वर्षांत लिथियम बदलले नव्हते. बदलले ते एवढेच, की रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत रूढ झाली. मेलबर्नमध्ये एडवर्ड ट्राउटनर यांनी आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी या कामी परिश्रम घेतले. रोज घ्यावयाच्या मात्रेत हे प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. उपयुक्त आणि घातक यांतील अंतर इतके अरुंद आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, डॉक्टरच्या बोटांना नाडीत लागत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळते. केड यांचा पहिला रुग्ण ज्या विषबाधेने मेला, ती मोजमापाने टळण्याजोगी झाली.

आता हीच गोळी बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड कामगाराच्या हाती ठेवून पाहावी. मुकादमाकडून उचल घेतलेला हा कामगार दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या परिसरात कोपी टाकून राहतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, तो गावी परतत नाही. हंगामाच्या अखेरीस उन्हे तापतात. घामावाटे पाणी आणि मीठ शरीराबाहेर जाते. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक करता येत नाही. शरीरात मीठ कमी पडले की ते सोडियम राखू लागते आणि त्याबरोबर लिथियमही राखून ठेवते. गोळ्या तितक्याच, पण रक्तातले प्रमाण चढत जाते. त्यात रोजच्या अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी असते, आणि या गोळ्या लिथियमचे प्रमाण आणखी वाढवतात. एखाद्या दिवशी जुलाब झाले की मग विचारायलाच नको. हात थरथरतात, पाय लडखडतात, जीभ जड होते. फडातले लोक म्हणणार, हा प्यायला आहे.

पुण्यातील एखाद्या बँकेत पंख्याखाली बसून काम करणारा कारकून तेच लिथियम दहा वर्षे घेतो. दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासतो, वर्षातून एक-दोनदा मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची चाचणी करून घेतो आणि संसार व नोकरी दोन्ही सांभाळतो. दोघांचा आजार एक, औषध एक. धोका मात्र एक नाही. औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात दुष्परिणामांची जी यादी असते, तिच्यात रुग्णाच्या व्यवसायाचा रकाना नसतो. शिंप्याच्या हाताचा कंप आणि प्राध्यापकाच्या हाताचा कंप या एकच गोष्टी नव्हेत; पहिल्याची त्यात रोजी जाते. झोप आणणारी गोळी ट्रकचालकाला देताना तो रात्री कोणत्या रस्त्यावर असेल, हे विचारणारा डॉक्टर विरळाच. आणि ज्याच्या दाराशी साठ-सत्तर रुग्णांची रांग उभी आहे, त्याने ते विचारावे तरी केव्हा?

लिथियमच्या लाभाची बाजूही पुरेशा गांभीर्याने मांडली पाहिजे. ते झटके परत येण्याचे प्रमाण घटवते. आत्महत्या रोखण्याच्या बाबतीतही त्याचे नाव घेतले जाते: अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१३ मधील एका अभ्यासात तो परिणाम ठळक दिसला, तर पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही. म्हणजे वाद संपलेला नाही. एक गोष्ट मात्र पक्की आहे. नियमाने घेतलेले लिथियम एकाएकी थांबले, तर उन्माद उसळून येण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा सरकारी दवाखान्यातील औषध संपणे आणि ‘पुढच्या महिन्यात या’ असे उत्तर मिळणे, हा केवळ गैरसोयीचा मामला राहत नाही. ती स्वतःच एक इजा असते. तिची नोंद दुष्परिणामांच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही.

देखरेखीची सोय नसली की वैद्यकशास्त्र साहजिकच दुसरी वाट शोधते. लिथियमऐवजी व्हॅलप्रोएट दिले की रक्तातील पातळी इतक्या काटेकोरपणे मोजावी लागत नाही. डॉक्टरची चिंता मिटते. पण गर्भारपणी हे औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे दहा टक्के मुलांत जन्मजात व्यंगे आढळतात आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडथळे दिसतात. युरोपातील नियामकांनी २०१८ मध्ये या आजारासाठी गर्भवतींना हे औषध देण्यास मनाई केली आणि मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांसाठी कडक अटी घातल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रयोगशाळेचा जो खर्च शासनाने वाचवला, तो नाहीसा झाला नाही. तो न जन्मलेल्या मुलाच्या खात्यावर टाकला गेला.

देखरेखीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न भांडवली देशांतही उघडपणे लढवला गेला आहे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरील औषध १९७५ मध्ये फिनलंडमधील काही मृत्यूंनंतर बहुतेक देशांत मागे घेतले गेले, कारण ते काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट करते. १९८८ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत, इतर औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता अशा रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सुधारले. जुन्या औषधाने फक्त ४ टक्के. औषध परत आले, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. सँडोझ या कंपनीने त्या अटीचाच धंदा केला. औषध हवे असेल तर तपासणीही कंपनीने ठरवलेल्या व्यवस्थेकडूनच घेतली पाहिजे, आणि दोन्ही मिळून वर्षाला सुमारे नऊ हजार डॉलर मोजले पाहिजेत, असा तिचा आग्रह होता. अनेक राज्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावे लावले, तेव्हा कुठे ही जोडगाठ सुटली. भारतात क्लोझापिन कितीतरी स्वस्त आहे आणि पेशींची मोजणी तालुक्याच्या गावीही होते. तरीसुद्धा सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला तपासणीस जायचे, म्हणजे रुग्णाचे आणि सोबत येणाऱ्या आईचे एसटीचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. गोळीपेक्षा हा आकडा मोठा होतो. मग तपासणी सुटते, किंवा भीतीपोटी डॉक्टर ते औषध लिहीतच नाहीत.

औषधकंपन्यांच्या लबाडीविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. वाचक ते जाणतात. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरील औषध मुलांसाठी मान्यता नसताना त्यांच्यासाठी खपवल्याच्या आणि इतर आरोपांवरून ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला २०१२ मध्ये अमेरिकेत तीन अब्ज डॉलर भरावे लागले, एवढे एक उदाहरण पुरे. मात्र यावरून नैराश्यावरील सारीच औषधे थोतांड ठरवणे घाईचे होईल. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा २१ औषधे निव्वळ बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफकच होता. तीव्र नैराश्यात औषधाचा उपयोग स्पष्ट दिसतो, सौम्य नैराश्यात तो अंधूक होत जातो. गोव्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने केलेला प्रयोग या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. डॉक्टर नसलेल्या, पण थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. माणसाने माणसाशी नेमाने बोलणे हीसुद्धा देखरेखच आहे, आणि तिच्यावर कोणाचे पेटंट नाही. उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया केवळ बोलण्याने आवरत नाही, हे अर्थात विसरता कामा नये.

आपल्याकडची स्थिती अशी, की २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बायपोलर आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कोणताच उपचार मिळत नसल्याचे आढळले. (या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने आपला आकडा मागायला हवा होता.) २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. सेवा स्वागतार्ह आहे, पण दूरध्वनीवरून रक्त काढता येत नाही.

कायदा मात्र कार्यकर्त्यांच्या बाजूने आहे आणि त्याचा वापर फार थोडा होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्यकेंद्रापासून वरच्या सर्व सरकारी केंद्रांत सर्व काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘सर्व काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. औषध संपले असेल, तर तो कायद्याचा भंग ठरतो, आणि तशी लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. जिल्हा रुग्णालयात लिथियमची पातळी मोजली जाते काय, नसल्यास नमुना कोठे पाठवला जातो आणि उत्तर किती दिवसांनी येते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रांच्याच जातीचे हे मोजमाप आहे. त्यासाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची गरज नाही.

ऊसतोड कामगारांच्या संघटनांना यात एक निश्चित काम करता येईल. टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी ज्यांची औषधे चालू आहेत त्यांना पुरेशा गोळ्या आणि औषध, मात्रा व शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेले कार्ड गावाच्या आरोग्यकेंद्राने द्यावे. कारखान्याच्या परिसरातील सरकारी दवाखान्याने ते कार्ड मान्य करून तेथेच रक्त तपासावे. आणि जुलाब, उलटी किंवा तोल जाणे असे काही झाल्यास लिथियमची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे कार्डावर मराठीत ठळक अक्षरांत छापावे. अंगदुखीसाठी कोणती गोळी घ्यायची नाही, तेही त्याखाली असावे. कार्ड छापण्याचा खर्च एका ट्रॉली उसाइतकाही येणार नाही. मुकादमाशी होणाऱ्या कराराची बोलणी उन्हाळ्यातच सुरू होतात. ही मागणी त्याच वेळी कारखान्यापुढे आणि आरोग्य खात्यापुढे ठेवावी लागेल.