जाहीर इशारा : आखाजीपर्यंत माझी जागा मोकळी करा

शिरपुरात शहादा रस्त्यालगतच्या माझ्या घरासमोर गाड्या लावणारे, वाळू-विटा उतरवणारे, हातगाड्या मांडणारे आणि ‘ही तर सरकारी जागा’ असं गावभर सांगणारे, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. डांबराची कड आणि तिच्यालगतची सरकारी साइडपट्टी सोडून, हद्दीच्या दगडापासून माझ्या ओट्यापर्यंतची सगळी जागा माझ्या मालकीची आहे. मिळकत पत्रिका वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आली आहे.

मोजणीला भूकरमापक आले तेव्हा दगडच सापडेना. पहारीने मुरूम उकरल्यावर हातभर खाली तो निघाला. वर ट्रॅक्टरच्या चाकांनी दडपलेला, ऑइलने काळा पडलेला थर होता. शेजारी समोर उभे होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत माझ्याकडे आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावी.

आता ‘वहिवाटी’बद्दल. माझ्या वडिलांच्या वेळी कपाशीच्या गाड्या इथे सुटायच्या. बैलांसाठी त्यांनी स्वतः पाण्याचा हाळ बांधला होता आणि ‘सोडा भाऊ, पाणी पाजा’ असं तेच म्हणायचे. ती परवानगी होती. आमच्या भागाला 1891 पासून लागू असलेला 1882 चा सुविधाधिकार कायदा स्पष्ट आहे: शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून 20 वर्षं वापर झाला, तरच रस्त्याचा हक्क पदरी पडतो. मालकाच्या परवानगीने झालेल्या वापराचा हक्क होत नाही. माझ्या वडिलांच्या माणुसकीचा पुरावा करून माझ्याच विरुद्ध कुणी वापरणार असेल, तर ते मी चालू देणार नाही.

नगरपरिषदेला रस्ता रुंद करायचा असेल तर माझा विरोध नाही. पण जागा कायद्याने घ्यावी आणि मोबदला द्यावा. राज्यघटनेचं कलम 300अ सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात हमीरपूर जिल्ह्यातल्या एका निरक्षर विधवेची जमीन सरकारने 1967-68 मध्ये भूसंपादन न करताच रस्त्यासाठी घेतली. पुढे ‘इतकी वर्षं ताबा आमचाच आहे’ असा बचाव सरकारने केला. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. तेव्हा ती बाई ऐंशीच्या घरात होती. मला तितकी वर्षं थांबायचं नाही.

मी हा कागद का लिहितो आहे, तेही ऐका. वडिलांना रात्री छातीत दुखू लागलं, तेव्हा फाटकासमोर एक कुलूपबंद टेम्पो आडवा उभा होता. चालकाचा पत्ता नाही. खाटेवर निजवून त्यांना टेम्पोच्या कडेने, गटारीवरून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. ते वाचले. पण सकाळी टेम्पोवाला आला तो मलाच म्हणाला, “रस्त्यावर घर बांधलं कशाला?” त्या दिवसापासून विनवण्या संपल्या.

मी कुणाच्या टायरची हवा सोडणार नाही, कुणाच्या मालाला हात लावणार नाही. पायी येणारे-जाणारे, रुग्णवाहिका, अंत्ययात्रा यांना फाटकालगतची वाट मोकळी राहील. तीही माझ्या परवानगीने, हे लक्षात असू द्या. बाकी सर्वांना आखाजीपर्यंतची मुदत आहे. त्यानंतर हद्दीवर लोखंडी खांब आणि तार लागेल. शिरपूरच्या दिवाणी न्यायालयात कायम मनाई हुकुमाचा दावा दाखल होईल, आणि मुदतीनंतर पडून असलेल्या मालाच्या मालकांची नावं त्यात प्रतिवादी म्हणून असतील. हटकल्यावर दमदाटी करायला किंवा मुद्दाम त्रास द्यायला जो तिथे ठाण मांडेल, त्याच्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली पोलिसांत तक्रार जाईल. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मध्यस्थी करायला येणाऱ्या पुढाऱ्यांनी येताना कागद आणावेत, माणसं आणू नयेत.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांब रोवायला सुरुवात होईल. त्याआधी आपापला माल उचला.