किल्ली कोणी दिली?

चैत्र-वैशाखात यात्रांचा हंगाम सुरू झाला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावच्या घाटांवर माणसांचा सागर लोटतो. गाडा सुटतो, पुढे घोडी धावते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. वेगाचे वेड या मातीला नवे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. तेव्हापासून गाडामालकांनी वर्षानुवर्षे सनदशीर लढा दिला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. आज शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, धाव आखून दिलेल्या घाटातच होते. मुख्य म्हणजे गाडा कोणाचा, हे ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. वेगाला नाव असते आणि त्या नावामागे जबाबदारी असते.

याच परिसरातील काही तरुणांच्या हाती मोटारीचे चाक येते तेव्हा मात्र सारे उलटे होते. काचा काळ्या, क्रमांकाची पाटी अशी रंगवलेली की ४१४१ ऐवजी ‘दादा’ वाचावे, सायलेन्सर बदललेला, आणि धावपट्टी कोणती, तर पुणे-नाशिक महामार्ग! ज्या रस्त्याने नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा बाजारात जातो, पहाटे दूधवाले निघतात आणि शाळेची मुले एसटीची वाट पाहतात, तो रस्ता यांना शर्यतीचा घाट वाटतो. इथे मात्र नाव पुकारले जात नाही. इथे नाव लपवले जाते.

जून २०२४ मध्ये आंबेगाव तालुक्यात याच महामार्गावर मोटारीच्या धडकेने १९ वर्षांचा एक दुचाकीस्वार मृत्युमुखी पडला. चालक राजकीय घराण्यातील होता. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. परंतु त्यानंतर रंगलेली चर्चा विचार करायला लावणारी होती. गेलेला मुलगा कोण होता, त्याच्या घरी मागे कोण उरले, हे प्रश्न बाजूला पडले. चालक पळाला की थांबला, प्यायला होता की नव्हता, यावरच खुलासे आणि प्रतिखुलासे झडत राहिले. अपघातानंतर चालकाने थांबणे हीसुद्धा समाजाला सिद्ध करावी लागणारी गोष्ट वाटू लागली, यातच आपली अधोगती स्पष्ट होते.

त्याआधी महिनाभरच, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडीला नोंदणी क्रमांकही नव्हता. काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये होता तीनशे शब्दांचा निबंध! पुढे जे उघडकीस आले ते अधिक भीषण होते. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. घरच्या वाहनचालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून दबाव आणल्याच्या आरोपावरून आजोबांना, तर नमुन्याच्या प्रकरणात आईवडिलांना अटक झाली. ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळीला एका महिलेला मोटारीने फरफटत नेले; चालक फरार झाला आणि दोन दिवसांनी हाती लागला. तोही राजकीय कार्यकर्त्याच्या घरातला.

या घटनांचा विचार करताना ‘वय वेडे असते’ असे म्हणून मोकळे होणारे बरेच भेटतात. वय वेडे असते हे खरेच. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु चूक झाल्यावर पळणे ही वयाची गोष्ट नव्हे, ती शिकवण आहे, आणि ती घरात मिळते. नाकाबंदी दिसताच गाडी वळवणारा मुलगा हे कोठे शिकला? सिग्नल तोडल्यावर हवालदाराच्या हाती नोट सरकवणारे वडील त्याने मागच्या आसनावरून पाहिलेले असतात. ‘साहेबांना फोन लाव’ हे वाक्य त्याने बाराखडीबरोबर ऐकलेले असते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३२ चालकाला थांबण्यास बांधते. कलम १३४ जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यास आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवण्यास सांगते. जमाव मारेल, या भीतीचाही कायद्याने विचार केलेला आहे. म्हणून ‘जीव वाचवायला पळालो’ म्हणणाऱ्यासही पोलीस ठाण्याचा रस्ता मोकळा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. भारतीय न्याय संहितेने अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली होती. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी संप केला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. गरीब चालकाची भीती रास्त असेल. परंतु त्याच्या आडोशाला धनिकांचे दिवटेही सुखरूप उभे राहिले, हेही नाकारता येणार नाही.

प्रश्न केवळ ‘गुंठामंत्र्यां’चाही नाही. जमीन विकून आलेल्या पैशाला नावे ठेवणे मध्यमवर्गाला सोपे वाटते. पण दहावीच्या शिकवणीला उशीर नको म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटर देणारा सुशिक्षित पिता त्याच वाटेचा प्रवासी आहे. फरक गाडीच्या किमतीचा आहे, वृत्तीचा नाही. चंगळवाद बाहेरून येतो, असे म्हणताना त्याला दार कोण उघडते, हेही पाहायला हवे.

सर्वांत क्लेशदायक गोष्ट अशी की यांतील कित्येक गाड्यांच्या काचेवर छत्रपती शिवरायांचे चित्र असते आणि पुढे भगवा फडकत असतो. शिवनेरी याच जुन्नर तालुक्यात आहे. १६७३ साली चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्याच घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पत्र पाठवून बजावले होते की, रयतेचा दाणा, वैरण, भाजीपाला यांना बळजबरीने हात लावू नका. लोकांना जे हवे ते दाम मोजून घ्या. नाहीतर रयतेला मोगल बरे वाटू लागतील. त्या काळी वेग म्हणजे घोडा होता आणि सत्ता घोड्यावर होती. त्या घोडेस्वारांनाही राजाने रयतेपुढे लगाम घातला. ज्याच्या चाकाखाली रयत चिरडली जाते आणि जो मागे वळूनही पाहत नाही, त्याला ते चित्र काचेवर लावण्याचा अधिकार कोणी दिला?

म्हणूनच हे काम केवळ पोलिसांवर सोपवून भागणार नाही. गावातील गणेश मंडळे, तालमी, शाखा आणि यात्रा समित्या यांना तरुण ओळखतात, त्यांचे ऐकतात. काळ्या काचांची आणि बनावट पाटीची गाडी मिरवणुकीत नको, हे मंडळाने ठरवले तर ते दंडाच्या पावतीपेक्षा प्रभावी ठरेल. ज्या घरातील मुलगा पळाला त्या घरासाठी ठाण्यात रदबदली करायची नाही, हे कार्यकर्त्याने स्वतःशी ठरवले पाहिजे. हा फोन न करणे कठीण असते. कारण पलीकडे बहुधा आपलाच माणूस असतो. परीक्षा तिथेच आहे.

मुलगा चुकला तर त्याचा हात धरून ठाण्याची पायरी चढणारा बाप आज गावात हवा आहे. तसे बाप निपजतील तेव्हा मुले पळणार नाहीत. तोपर्यंत प्रत्येक अपघातानंतर चौकशी चालकापाशी संपू नये. ती पुढे जावी आणि विचारावे, किल्ली कोणी दिली?