द्राक्षकन्येची मायबोली

अजून न चाखलेल्या वाइनची आगाऊ मागणी नोंदवण्यात एक वेगळीच उत्कंठा असते. बाग लहान, बाटल्या मोजक्या, नाव अनोळखी. उत्पादकाने लिहिलेल्या चार ओळींवर भरवसा ठेवून पैसे द्यायचे आणि वाट पाहायची. अनियतकालिकाची वर्गणी आधी भरून अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाला ही उत्कंठा समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही ठिकाणी आपण वस्तूआधी शब्द विकत घेतो. म्हणूनच तो शब्द कोणत्या भाषेत येतो, हा प्रश्न आम्हा भाषेच्या अध्यापकांना महत्त्वाचा वाटतो.

बीडसारख्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारणे काहींना चैनीचे वाटेल. ज्या राज्यात गावोगावच्या स्त्रियांना दुकान बंद करण्यासाठी ‘आडव्या बाटली’ला मत द्यावे लागते, तिथे हा आक्षेप हलका नाही. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचे हित आणि घराचे हित असा सामना उभा राहिला. वाइन ही मद्यच आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याचे कठोर मूल्यमापन करायचे, त्याविषयी नेमके बोलण्याची सोय तरी भाषेत हवी.

आपल्या साहित्यात मद्याची दोन रूपे ठळक आहेत. एक गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तले, संसार बुडवणारे. दुसरे माधव जूलियनांचे. फारसीचे व्यासंगी असलेल्या या कवीने उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद 1931 मध्ये ‘द्राक्षकन्या’ या नावाने प्रसिद्ध केला. एकीकडे विनाश, दुसरीकडे रूपक. विशिष्ट मातीत, विशिष्ट वर्षी पिकलेल्या द्राक्षाचा रस हे तिसरे रूप मात्र मराठीत जवळजवळ अबोल राहिले. नारायणगावच्या कारखान्यातील फेसाळ वाइन देशात ‘मार्क्विस द पोंपादूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावांनी विकली गेली. फ्रान्सच्या राजाची प्रेयसी आणि इराणचा कवी, दोघांनाही बाटलीवर जागा मिळाली. जुन्नरच्या मातीला मिळाली नाही.

राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. दिंडोरी, निफाड, अकलूज ही नावे वाइनशी जोडली गेली. तरीही चवीचे वर्णन वाचावे तर ते बहुधा इंग्रजीतच असते आणि त्यात अशी फळे असतात जी आपल्यापैकी अनेकांनी झाडावर कधी पाहिलेली नाहीत. हा शब्दांचा दुष्काळ खरा नाही. साल आणि बियांसह आंबवल्याने तांबड्या वाइनला जो गुण येतो, त्याला आयुर्वेदाने ‘कषाय’ म्हटले आहे आणि आपण ‘तुरट’ म्हणतो. शिराझमध्ये मिरी आणि जांभूळ सापडते, सोव्हिन्यो ब्लांकमध्ये पेरू. संस्कृत काव्यशास्त्राने तर सहज रस देणाऱ्या रचनेला ‘द्राक्षापाक’ आणि फोडून रस काढाव्या लागणाऱ्या रचनेला ‘नारिकेलपाक’ म्हटले. चवीवरून कवितेचे वर्णन करणाऱ्या परंपरेला चवीचेच वर्णन जड का जावे?

बागेतली भाषा तर याहून समृद्ध आहे. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी, मग जानेवारी ते मार्चमधली तोडणी. युरोपात द्राक्षे शरद ऋतूत तोडतात; आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. या एका फरकात आपल्या वाइनचा सगळा स्वभाव दडलेला आहे, पण ज्या शब्दांनी तो सांगता येईल ते शब्द बागेच्या कुंपणाबाहेर पडत नाहीत. ‘शिराझ’, ‘शेनिन ब्लांक’ ही वाणांची नावे आहेत, ती तशीच राहावीत. भाषांतराचा हट्ट आमचा नाही. आमचा आग्रह एवढाच, की लहान उत्पादकाने ग्राहकाला चार ओळी लिहिताना बागेत ज्या भाषेत काम चालते त्या भाषेत लिहावे. मोठ्या कंपनीला जाहिरात परवडते. लहान उत्पादकाचे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. तो उसना असेल तर मागणी नोंदवतानाची उत्कंठाही उसनीच ठरते. आपण चवीची नव्हे, प्रतिष्ठेची वाट पाहू लागतो.

बोर्डीला चिकूपासून वाइन तयार होते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाची वाइन कोणी करील की नाही, करावी की नाही, यावर वाद जरूर व्हावा. केली, तर तिच्या बाटलीवर काय लिहिले जाईल याची मात्र आम्हाला आजच उत्सुकता आहे. गराला ‘रवाळ’ म्हणणारी भाषा इथल्या बाजारात रोज बोलली जाते. ती कागदावर आणण्याचे काम उत्पादकाचे आहे, तितकेच मराठी शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे.