परक्या गावी एकट्याने



आपल्या समाजात एकट्याने सहलीस निघालेला मनुष्य थोडा संशयास्पदच ठरतो. घरी भांडण झाले असावे, नाही तर स्वभाव माणूसघाणा असावा, अशी दोनच कारणे लोकांना सुचतात. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. ज्याला माणसांची खरी ओढ आहे त्याने एकदा तरी परक्या मुलखातील एखाद्या लहानशा डोंगरी गावात एकट्याने सुटी घालवावी, असे मी म्हणतो. हे मत पुस्तकातून आलेले नाही. ते मला स्वित्झर्लंडमधील गुआर्दा नावाच्या खेड्यात सात दिवस राहून मिळाले, आणि त्यासाठी थोडी मानहानीही सोसावी लागली.

कारखान्याच्या कामासाठी मी तीन महिने झुरिकला होतो. काम संपले आणि परतण्यापूर्वी आठवडा मोकळा मिळाला. आपल्याकडचे पर्यटक स्वित्झर्लंडला जातात ते बहुधा तीस-चाळीसांच्या जथ्याने. युंगफ्राऊच्या खिंडीत 3454 मीटर उंचीवरील आगगाडीच्या स्थानकापर्यंत जाऊन, बर्फात छायाचित्रे काढून, संध्याकाळी वरणभातावर बसतात. वरणभाताशी माझे वैर नाही. त्या आठवड्यात मला त्याची आठवण रोज आली. पण घर सोबत घेऊन निघालेल्या माणसाला दुसऱ्याचे दार ठोठावण्याची गरज पडत नाही, एवढेच माझे म्हणणे.

गुआर्दा हे ग्राउब्युंडेन प्रांतातील एंगादीन खोऱ्यात, 1653 मीटर उंचीवर, वसलेले गाव. वस्ती दोनशेच्या आत. आगगाडी खाली इन नदीच्या काठी थांबते, आणि तेथून डोंगर चढून वर जावे लागते. 1622 साली युद्धात हे गाव जाळले गेले. आजची घरे त्यानंतर पुन्हा उभारलेली. भिंती हातभर जाड, खिडक्या नरसाळ्यासारख्या आत निमुळत्या होत गेलेल्या, आणि दार एवढे मोठे की गवताने भरलेली गाडी सरळ घरातून मागच्या कोठारात जावी. भिंतींवरील नक्षी रंगवलेली नसते. करड्या गिलाव्यावर पांढरा चुना देऊन, तो ओला असतानाच खरवडून फुले, तारे आणि वचने कोरतात.

ती वचने मला वाचता येईनात. झुरिकमध्ये जमवलेले माझे मोडके जर्मन येथे उपयोगी पडेना, कारण ती भाषाच निराळी होती. तिचे नाव रोमान्श. लॅटिनपासून निघालेली ही डोंगरी भाषा बोलणारे त्या देशात शंभरात एकही भरत नाहीत. तरी तिचे लिहिण्याचे पाच प्रकार आहेत, आणि 1938 साली साऱ्या देशाने मत देऊन तिला चौथी राष्ट्रभाषा ठरवले.

पहिला दिवस डोंगर पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. खोलीत पाव आणि चीज खात मी खिडकीशी बसून राहिलो, आणि दुपारपर्यंत मला असे उदास वाटू लागले की उद्याच झुरिकला परतावे असे ठरवून टाकले. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. एकटेपणाची स्तुती करणारे बरेच लेखक हा दुसरा दिवस गाळतात. अखेर गरम पाणी मागण्याचे निमित्त करून मी खाली स्वयंपाकघरात गेलो. घराच्या मालकीणबाई, वयाने माझ्या आजीसारख्या, टोपलीतील अंडी मोजत होत्या. सेत, ओत, नोव्ह, देश. मी दारातच थबकलो आणि म्हणालो, "सात, आठ, नऊ, दहा." त्यांनी मान वर केली. मग आम्ही दोघांनी ती अंडी पुन्हा मोजली, एकदा त्यांच्या भाषेत, एकदा माझ्या. देश आणि आपले संस्कृत दश यांचे नाते मला शाळेत कळले होते. पण ते असे टोपलीतून निघेल असे वाटले नव्हते.

झुरिकला परतण्याचा बेत अर्थातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटेल त्याला मी जर्मनऐवजी त्यांचे "आलेग्रा" म्हणू लागलो, आणि गवत कापणारी माणसे विळा थांबवून उत्तर देऊ लागली. जथ्यात असतो तर तो शब्द मी शिकलोच नसतो. शेजारी बोलायला मराठी होते ना!

एकट्याने हिंडण्यात धोका असतो, हे खरे. तेथील पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, चालण्याचे तास लिहिलेले असतात; ते तेथल्या लोकांच्या पायांचे तास आहेत हे मी तुओईच्या खोऱ्यात शिकलो. पीत्स बुईन हे 3312 मीटरचे शिखर समोर दिसू लागले आणि मी वेळ विसरलो. परत येईतो अंधार पडत होता. आजीबाई शाल पांघरून गावाच्या हौदापाशी उभ्या होत्या. त्या मला चांगल्याच रागावल्या, आणि तेही रोमान्शमध्ये. अर्थ समजण्यास अडचण पडली नाही. निघताना कोठे जातो ते सांगून गेलो होतो, म्हणून तरी त्या कोठे पाहायचे ते जाणत होत्या. एकट्याने जाणाऱ्याने एवढे पथ्य पाळावेच.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी अक्रोडाचे सारण भरलेला गोड पदार्थ पुढे ठेवला. अक्रोड त्या उंचीवर होत नाहीत. पूर्वी या खोऱ्यातील तरुण मिठाई करण्याच्या धंद्यासाठी व्हेनिसला जात. 1766 साली तेथून त्यांना घालवून दिल्यावर ते युरोपभर पांगले. उन्हाळ्यात गावी येणाऱ्या अशा लोकांना त्यांच्या भाषेत रांदुलिन्स, म्हणजे पाकोळ्या, म्हणतात. मी त्यांना सांगितले, की माझेही पूर्वज असेच होळकरांच्या राज्यात इंदुरास आले. मात्र पाकोळ्यांसारखे ते परत गेले नाहीत. तेथे हिंदी चालते, पण आमची मराठी शाळा आहे.

"तुमची मुलगी त्याच शाळेत जाते का?" त्यांनी सहज विचारले.

माझी मुलगी इंग्रजी शाळेत आहे. मी तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र तो अक्रोडाचा तुकडा बराच वेळ गिळवेना. आपल्या लोकांत हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यांचीही मुले तेथेच असतात.

निघताना त्यांनी एक चित्रांचे पुस्तक दिले. "उओर्सिन" हे त्याचे नाव. सेलिना ख्योन्त्स यांनी लिहिलेली आणि आलोइस कारिज्येत यांनी चितारलेली ही गोष्ट 1945 साली निघाली; तीतील गाव गुआर्दाच्या नमुन्यावर आहे. 1 मार्चला मुले गुरांच्या घंटा वाजवीत हौदांभोवती फिरतात आणि हिवाळ्याला हाकलतात. उओर्सिनच्या वाट्याला सर्वांत लहान घंटा येते, म्हणून तो बर्फातून एकटाच डोंगरावरील झोपडीत मोठी घंटा आणायला जातो.

त्यातली भाषा ना मला येते, ना मुलीला. म्हणून रात्री मी चित्रे पाहून गोष्ट मराठीत सांगतो. पहिल्या रात्री तिला "गोठा" म्हणजे काय ते विचारावे लागले, आणि "हौद", आणि "पागोळ्या". आता ती पाने उलटण्यापूर्वीच घंटा मोजते. काल दहाच्या पुढे गेली, एकोणीसपाशी अडली. वीस मीच सांगितले.