जाताना साडेसात, येताना किती?

आज तुम्हाला माझीच एक चूक सांगते.

चौथीच्या वर्गाला मी गणित घातलं होतं. दिल्ली ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे ५९०० किलोमीटर. जाताना विमानाला साडेसात तास लागले, तर येताना किती लागतील? अंतर तेच, म्हणून उत्तरही साडेसात, असं मी धरून चालले होते. एका मुलीनं लिहिलं, ‘साडेनऊ’. मी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन आली. “बाई, माझा मामा गेल्या जानेवारीत जाऊन आला. त्यानं वेळा लिहून दिल्यात.”

चिठ्ठीत होतं : दिल्लीहून रात्री ९ ला निघालो, टोकियोत सकाळी ८ ला उतरलो. परतताना टोकियोहून सकाळी ११ ला निघालो, दिल्लीत संध्याकाळी ५ ला पोचलो.

“अगं, म्हणजे जाताना ११ तास आणि येताना ६!” मी म्हटलं. पण मामाची घड्याळं दोन देशांची होती. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणून जातानाच्या ११ तासांतून साडेतीन वजा करायचे, येतानाच्या ६ तासांत साडेतीन मिळवायचे. करा बरं! साडेसात आणि साडेनऊ. मुलगी बरोबर होती.

मग हे दोन तास गेले कुठे?

एकजण म्हणाला, “बाई, पृथ्वी फिरते म्हणून!” तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते. धावत्या आगगाडीत वर उडवलेला चेंडू पुन्हा आपल्याच हातात पडतो ना? तसंच हे.

खरा खेळ वाऱ्याचा. जमिनीपासून साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उत्तरेची हवा थंड, दक्षिणेची उबदार; या फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, वाराही वाढतो. जपानवर तर तो कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो! सायकल चालवताना वारा पाठीशी असला की पायडल हलकं लागतं, समोरून आला की दम निघतो. विमानाचंही तसंच. म्हणून परतताना वैमानिक शक्यतो हा वारा चुकवणारी उंची नि वाट शोधतात.

हा वारा जपानच्याच वासाबुरो ओईशी या शास्त्रज्ञानं १९२० नंतरच्या काही वर्षांत फुगे आकाशात सोडून मोजला होता. जगभर कळावं म्हणून त्यांनी १९२६ साली ते एस्पेरान्तो भाषेत छापलं. ही भाषा सगळ्या देशांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम तयार केलेली. पण ती येणारे लोक थोडे! त्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. पुढे १९४४ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विमानं जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांना हा वारा आडवा आला. उत्तर तर अठरा वर्षांपूर्वीच छापलेलं होतं!

माझ्यासमोरही उत्तर वहीत लिहिलेलं होतंच की. मी “कसं काय गं?” एवढंही न विचारता फुली मारली. त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ती खोडली आणि बरोबरची खूण केली.

आता तुमची पाळी. समजा, टोकियोहून दुपारी १२ ला निघालेलं विमान साडेनऊ तास उडालं, तर दिल्लीच्या घड्याळात किती वाजलेले असतील? आईबाबांनाही विचारा. त्यांचं उत्तर चुकलं, तरी लगेच फुली मारू नका हं!