तज्ज्ञाच्या साक्षीची कसोटी

वृद्धापकाळी एखाद्या व्यक्तीने आपली सारी मिळकत एकाच नातलगास बक्षीस दिली आणि इतर वारसांनी त्यास हरकत घेतली, म्हणजे न्यायालयापुढे बिकट प्रश्न उभा राहतो : ही इच्छा तिची स्वतःची, की दुसऱ्याने लादलेली? दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीचा गैरवाजवी लाभासाठी उपयोग करणे, यास भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १६ मध्ये ‘अनुचित प्रभाव’ म्हटले आहे.

अशा दाव्यांत मनोविकारतज्ज्ञाची साक्ष उपयुक्त ठरते. परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. स्मृती क्षीण झाली होती काय, व्यवहाराचे परिणाम समजण्याची शक्ती होती काय, यांविषयी तज्ज्ञ मत देऊ शकतो. प्रत्यक्षात दडपण आले काय, हे मात्र समग्र पुराव्यावरून न्यायाधीशानेच ठरवावयाचे असते.

तज्ज्ञाची मापनसाधनेही पारखून घेतली पाहिजेत. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या व सर्वत्र वापरात असलेल्या ३० गुणांच्या मानसिक चाचणीत वाचन, लेखन व वजाबाकी यांचा समावेश आहे. निरक्षर वृद्धास तीत कमी गुण मिळाले, तर तो बुद्धिभ्रंशाचा पुरावा नव्हे. ते शाळा न लाभल्याचे चिन्हही असू शकते. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ परिसरातील ग्रामीण वृद्धांसाठी संशोधकांनी तिचे हिंदी रूपांतर सिद्ध करून १९९५ साली प्रसिद्ध केले.

तज्ज्ञाने विषयाचा विशेष अभ्यास केलेला असावा किंवा विशेष अनुभव मिळविलेला असावा, तसेच आपला निष्कर्ष पडताळण्यासाठी लागणारे शास्त्रीय निकष न्यायाधीशास पुरवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या प्रकरणात म्हटले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्येही तज्ज्ञाच्या मतास स्थान आहे. ते स्थान ज्ञानाला आहे, पदवीला नव्हे.

यास्तव मत ग्राह्य धरण्यापूर्वीच काही प्रश्न विचारले जावेत. तज्ज्ञाने त्या व्यक्तीस स्वतः तपासले, की केवळ कागद पाहिले? चाचणी कोणत्या भाषेत घेतली? ती कोणत्या लोकांवर पडताळलेली होती? तिच्यात चूक किती वेळा होते? मानधन कोणी दिले?

यामुळे विलंब होईल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हे प्रश्न विचारण्यास न्यायाधीश शास्त्रज्ञ असावा लागत नाही, आणि खऱ्या तज्ज्ञास त्यांची उत्तरे देणे जड जात नाही. पारख न करता स्वीकारलेले मत दुबळ्या वृद्धाचे रक्षण करील, तसेच शहाण्या वृद्धाचा स्वेच्छेने केलेला व्यवहार मोडूनही टाकील. या दोन्ही शक्यता न्यायालयाने सारख्याच दक्षतेने पाहिल्या पाहिजेत.