स्क्रीनवर इंग्रजी, कानात मराठी

इंटर्नशिपचा दुसरा आठवडा होता. डेस्कवरच्या दादांनी एक शीट पाठवली. नागपूरचं मे महिन्यातलं रोजचं कमाल तापमान, दहा वर्षांचं. 'प्रत्येक वर्षाची सरासरी काढ, चारपर्यंत दे,' एवढाच निरोप. मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला आणि आकडे टाकत बसले. एकतीस गुणिले दहा, तीनशे दहा आकडे. मागून येऊन दादांनी पाहिलं आणि म्हणाले, 'काय करून राहिली तू? फॉर्म्युला लाव ना!'

फॉर्म्युला मला येत नव्हता. मास कम्युनिकेशनची डिग्री जवळ आहे, बारावीत आयटी विषय होता, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे. पण कुणी समोर बसवून 'हे कर' म्हटलं तर हात चालत नव्हता. हे फक्त माझंच दुखणं असतं तर इथे लिहिलं नसतं. वर्गातल्या निम्म्या तरी पोरापोरींचं हेच आहे, फक्त कुणी सांगत नाही.

त्या रात्री 'स्पोकन ट्युटोरियल' उघडलं. आयआयटी मुंबईचा हा प्रकल्प आहे, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून उभा राहिलेला. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तो उभारला. लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, गिम्प, लाटेक अशी सॉफ्टवेअरं शिकवणारे छोटे छोटे धडे, साधारण दहा-दहा मिनिटांचे. सगळी सॉफ्टवेअरं मोफत आणि मुक्त, म्हणजे क्रॅक शोधत बसायची गरज नाही. आणि धड्यांचा आवाज मराठीसकट अनेक भारतीय भाषांत.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीन इंग्रजीच राहते, फक्त समजावणं मराठीत होतं. पहिल्यांदा मला हे अर्धवट काम वाटलं. मेन्यूसुद्धा मराठीत का नाही केला? मग लक्षात आलं, उद्या ऑफिसात बसू तेव्हा समोर 'इन्सर्ट', 'डेटा', 'फिल्टर' हेच शब्द असणार आहेत. ते डोळ्यांना ओळखीचे व्हायला हवेत आणि त्यांचा अर्थ आपल्या भाषेत डोक्यात शिरायला हवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण बटणावरचा शब्द ही कधीच नसते. तो शब्द कळण्याआधी अमेरिकन उच्चारातली सहा वाक्यं निघून गेलेली असतात, ही असते.

'यूट्यूबवर सगळं आहे की' असं कुणीही म्हणेल. आहेच. पण यूट्यूबवर आपण बघतो, करत नाही. इथे धडा बनवतानाच असं धरलेलं आहे की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ असेल आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं असेल. त्यांनी एक क्लिक केलं की थांबवायचं, आपण करायचं, पुन्हा सुरू करायचं. दहा मिनिटांच्या धड्याला मला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. कॅल्कचा प्राथमिक फॉर्म्युल्यांचा धडा संपला तेव्हा दुपारची ती शीट पुन्हा उघडली आणि सरासरी दोन मिनिटांत आली. दुपारी कॅल्क्युलेटरवर काढलेल्यांपैकी दोन वर्षांची चुकली होती, हेही तेव्हाच कळलं. (दादांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. बातमी अजून गेली नव्हती, हे नशीब.)

सुरुवात कशी करायची, असं मला आता ज्युनिअर विचारतात. मी एकच सांगते, यादी बनवू नका. स्वयम, एनपीटीईएल, नॅशनल डिजिटल लायब्ररी सगळीकडे खाती काढायची, बारा कोर्सना नाव नोंदवायचं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून द्यायचं, हा उद्योग मी दोन वर्षं केला आहे. आधी काम ठरवा. प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचाय तर रायटर, फोटो नीट करायचाय तर गिम्प. सॉफ्टवेअर आधी उतरवून ठेवा. भाषेच्या यादीत मराठी निवडा. इअरफोन लावा. पहिला धडा सोडून सरळ पाचव्यावर उडी मारू नका, कारण प्रत्येक धडा आधीचं येतं असं धरूनच चालतो. शेवटी असाइनमेंट असते, ती टाळायचा मोह होतो, पण खरं शिकणं तिथेच होतं. नेट कमी असेल तर व्हिडिओ उतरवून घेता येतो. उमरेडच्या माझ्या मैत्रिणीने हॉस्टेलच्या वायफायवर सगळे धडे उतरवले आणि सुट्टीत घरी बसून केले.

उणिवा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. बरेच धडे जुने आहेत. ते उबुंटू लिनक्सवर रेकॉर्ड झालेले, आपल्याकडे विंडोज, त्यामुळे मेन्यू जरा इकडेतिकडे दिसतो आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. काही ठिकाणी मराठी इतकी जपून बोललेली आहे की आकाशवाणीच्या बातम्या ऐकतोय असं वाटतं. पण कळते, हे महत्त्वाचं.

इथे जरा थांबून 'मोफत' आणि 'मुक्त' यातला फरक सांगायला हवा, कारण आपल्या ग्रुपवर या दोन्हींची सरमिसळ असते. परीक्षेच्या आधी टेलिग्रामवर येणारी स्कॅन केलेल्या पुस्तकाची पीडीएफ मोफत असते, मुक्त नसते. लेखकाने परवानगी दिलेली नसते, आणि हे आपल्यालाही माहीत असतं. एमआयटीने 2001 मध्ये आपले कोर्स इंटरनेटवर खुले करायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव मिळालं. मुख्य मुद्दा परवान्याचा आहे. स्पोकन ट्युटोरियलचे धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्यावर आहेत की ते कॉपी करा, वाटा, बदला, भाषांतर करा. अट इतकीच, की मूळ श्रेय द्यायचं आणि आपण बनवलेलंही त्याच परवान्यावर खुलं ठेवायचं.

म्हणजे घेणाऱ्याला देणारा होता येतं. धड्याची संहिता आधी लिहिली जाते. एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलायचं. मग ती एखाद्या नवख्या माणसाला देतात, त्याला नुसतं वाचून करता आलं तरच ती पुढे जाते. त्यानंतर भाषांतर आणि आवाज. आता मला सांगा, मास कॉमच्या विद्यार्थ्याला याहून चांगला सराव कुठे मिळणार? सोप्या मराठीत लिहायचं, वेळेच्या मापात बसवायचं, माइकसमोर स्वच्छ बोलायचं. आम्ही तीन वर्षं काल्पनिक बुलेटिनं वाचली आणि मार्क मिळाल्यावर डिलीट केली. त्याऐवजी दोन धड्यांना आवाज दिला असता, तर गडचिरोलीतल्या कुणाला तरी तो आज ऐकता आला असता.

सर्टिफिकेटचा विषय निघणारच. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करून क्रेडिट घेता येतात. चांगली सोय आहे. पण क्रेडिट आलं की असाइनमेंटची तयार उत्तरंही ग्रुपवर येतात, आणि मग आठ आठवड्यांचा कोर्स एका रात्रीत 'होतो'. माझी एमएस-सीआयटी साधारण तशीच झाली होती, म्हणून तर तापमान कॅल्क्युलेटरवर मोजायची वेळ आली. स्पोकन ट्युटोरियलची परीक्षा आणि प्रमाणपत्र कॉलेजमार्फत करता येतं, जरूर करावं. पण मुलाखतीत समोरचा लॅपटॉप आपल्याकडे सरकवतो तेव्हा प्रमाणपत्र फाइलमध्येच असतं.

राहता राहिलं कॉलेज. मोबाइलवर अर्धी स्क्रीन व्हिडिओला आणि अर्धी सॉफ्टवेअरला देता येत नाही, या शिकण्याला कॉम्प्युटरच लागतो. तो सगळ्यांच्या घरी नाही. मी शिकले त्या ठिकाणी तीस कॉम्प्युटरची लॅब होती, एसी होता, आणि दाराला कुलूप होतं. चावी सरांकडे, सर मीटिंगमध्ये. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी आत जायला अर्ज लागायचा. एनपीटीईएल 2003 पासून आणि स्वयम 2017 पासून सुरू आहे, आणि आमच्याकडे अजून चावीवरच अडलेलं. यासाठी नवं अनुदान लागत नाही, तज्ज्ञ शिक्षकही लागत नाही, कारण धडा स्वतःच शिकवतो. शनिवारी दोन तास लॅब उघडी ठेवायची, धडे एकदाच उतरवून सगळ्या मशिनवर टाकायचे, आणि थर्ड इयरचा एखादा पोरगा अडलेल्यांना मदत करायला बसवायचा. एवढंच मागणं आहे.

मी जुन्या कॉलेजात जाऊन हे मॅडमना सांगून आले. त्या म्हणाल्या, 'लेखी दे, आणि किती मुलं येतील ते लिही.' ज्युनिअरच्या ग्रुपवर विचारलं तर संध्याकाळपर्यंत बावीस नावं आली. अर्ज मी लिबरऑफिस रायटरमध्ये टाइप केलाय. नावांचा तक्ता दुसऱ्या पानावर सरकतोय, तो धडा आज रात्री बघायचाय.